दाहक आंत्ररोगातील त्वचाविकार

क्रोन आजार व अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहक रोगांसोबत उद्भवणाऱ्या त्वचेच्या विकारांना दाहक आंत्ररोगातील त्वचाविकार म्हणतात. ते संसर्गजन्य नसतात. काही विकार मूळ रोगामुळे, काही पोषणद्रव्यांच्या अभावामुळे, तर काही औषधांमुळे होतात.

प्रमुख प्रकार

इरिथेमा नोडोसममध्ये नडग्यांवर लालसर, दुखऱ्या गाठी येतात. आतड्यांतील दाह वाढला की त्या बहुधा उद्भवतात व तो शमल्यावर ओसरतात. पायोडर्मा गँग्रेनोसम हा अधिक गंभीर विकार आहे. लहान पुळीपासून सुरू होऊन तेथे झपाट्याने वाढणारी, जांभळट कडांची, अतिशय वेदनादायक जखम बनते. किरकोळ इजेनेही ती उद्भवू शकते. जस्ताच्या अभावामुळे तोंडाभोवती व गुदद्वाराजवळ पुरळ उठते.

निदान

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांत भातशेती व रानातील कामांमुळे पायांना जखमा होणे नेहमीचे आहे. त्यामुळे पायोडर्मा गँग्रेनोसमची जखम साधी चिघळलेली जखम समजली जाण्याचा संभव असतो. अशी जखम खरवडल्यास किंवा कापून साफ केल्यास ती आणखी पसरते. म्हणून प्रतिजैविकांनी बरी न होणाऱ्या जखमेच्या रुग्णाला जुलाब, शौचातून रक्त व वजनघट यांविषयी विचारणे आवश्यक ठरते. इरिथेमा नोडोसम क्षयरोगातही आढळतो. कुष्ठरोगातही तशाच गाठी येतात. आतड्यांचा क्षय व क्रोन आजार यांची लक्षणेही परस्परांशी मिळतीजुळती असतात. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय व मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय ही या भागातील शासकीय रुग्णालये आहेत.

उपचार

इरिथेमा नोडोसममध्ये मुख्य भर आतड्यांचा दाह आटोक्यात आणण्यावर असतो; विश्रांती व पाय उंच ठेवणे यांनी आराम पडतो. पायोडर्मा गँग्रेनोसमसाठी स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब वापरतात व जखमेवर हळुवार मलमपट्टी करतात. इन्फ्लिक्सिमॅबमुळे सुप्त क्षयरोग उफाळू शकतो. म्हणून आधी छातीचा क्ष-किरण व क्षयरोगाची चाचणी करतात. या औषधामुळे काहींना सोरायसिससारखे चट्टे येतात. अॅझाथायोप्रिनमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे उन्हात काम करणाऱ्यांनी अंग झाकणे हितावह असते. स्टेरॉइड अचानक बंद करणे घातक ठरू शकते.