विश्लेषण : कमी बोलूनही रिची बेनॉ समालोचनाचा मापदंड कसे ठरले?

टीव्हीवर चेंडू प्रेक्षकाला दिसतोच. मग समालोचकाने काय सांगायचे? ऑस्ट्रेलियाचे रिची बेनॉ यांचा नियम सोपा होता : चित्रात भर घालता येत असेल तरच बोलायचे, नाहीतर गप्प राहायचे.

खेळाडू म्हणून कामगिरी काय?

६ ऑक्टोबर १९३० रोजी जन्मलेले बेनॉ लेगस्पिनर अष्टपैलू होते. ६३ कसोटींत २,२०१ धावा आणि २४८ बळी. कसोटीत दोन हजार धावा आणि दोनशे बळी अशी दुहेरी कामगिरी करणारे ते पहिले खेळाडू. २८ कसोटींत नेतृत्व करताना त्यांनी एकही मालिका गमावली नाही. १९५९च्या दिल्ली कसोटीत भारताच्या पहिल्या डावात त्यांनी एकही धाव न देता तीन बळी घेतले.

पत्रकारितेत कसे आले?

माजी खेळाडू थेट माइक हाती घेतात. बेनॉ यांनी मात्र खेळत असतानाच सिडनीच्या ‘द सन’ दैनिकात गुन्हेवार्ता केली. १९५६च्या इंग्लंड दौऱ्यानंतर ते तिथेच थांबले आणि ‘बीबीसी’त प्रशिक्षण घेतले. कमी शब्दांत नेमके सांगण्याची सवय इथलीच.

कसोटी कोणती लागली?

१९७७ पासून ते केरी पॅकर यांच्या ‘चॅनेल नाइन’चा चेहरा होते. १ फेब्रुवारी १९८१ला मेलबर्नमध्ये न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्या होत्या. कर्णधार ग्रेग चॅपल यांच्या सांगण्यावरून भाऊ ट्रेव्हर यांनी चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला. बेनॉ यांनी आपल्याच देशाच्या कर्णधारावर, आपल्याच वाहिनीवरून कठोर टीका केली.

इंग्लंडमधील समालोचन का सोडले?

२००५च्या ॲशेसनंतर इंग्लंडमधील कसोटींचे थेट प्रक्षेपण सशुल्क ‘स्काय’कडे गेले. क्रिकेट सर्वांना मोफत दिसावे, या मताच्या बेनॉ यांनी ओव्हल कसोटीनंतर तिथले काम थांबवले. मायदेशी ‘नाइन’वर, म्हणजे मोफत वाहिनीवर, ते बोलत राहिले. १० एप्रिल २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?

आज सामना मोबाइलवर, अनेकदा सबस्क्रिप्शन भरून पाहावा लागतो आणि समालोचन क्षणभरही थांबत नाही. समालोचकाची बांधिलकी मंडळाशी, वाहिनीशी की प्रेक्षकाशी, हा प्रश्न भारतातही विचारला जातो. बेनॉ यांचे उत्तर १९८१ आणि २००५ मध्ये एकच होते : प्रेक्षकाशी.