अर्धसत्य कसं ओळखायचं? यिर्मया 28 आणि 29 शेजारी ठेवून

लिटरेचर रिव्ह्यू करताना धडधडीत खोटं लवकर सापडतं. बरंचसं बरोबर असलेलं विधान मात्र हातातून निसटतं. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण बायबलमध्ये, यिर्मयाच्या पुस्तकात आहे.

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतलं. राजा, कारागीर आणि मंदिरातली पात्रं त्याने बाबेलला नेली. तीन-चार वर्षांनी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात जाहीर करतो, की दोन वर्षांत हे सगळं परत येईल. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू तो मोडूनही टाकतो. यिर्मयाचा आकडा होता सत्तर.

आता गंमत बघा. देव परत आणेल, हे दोघंही सांगतात. आणि इ.स.पू. 539 मध्ये पर्शियाच्या कोरेशाने बाबेल जिंकल्यावर लोक परतलेही. (सत्तर कुठून मोजायचे यावर अभ्यासकांत वाद आहे, पण दोन नक्कीच नाहीत.) म्हणजे हनन्याची मुख्य चूक मुदतीत. पण बंदिवानांचं सगळं आयुष्य त्या मुदतीवरच अवलंबून होतं. दोनच वर्षं राहायचं तर परक्या मुलखात घर कोण बांधेल? मुलांची लग्नं कोण लावेल? यिर्मया त्यांना पत्रातून नेमकं हेच करायला सांगतो.

त्याच पत्रातलं 29:11, देवाच्या मनात तुमच्या भल्याच्या योजना आहेत या अर्थाचं, ख्रिस्ती घरांत कॅलेंडरवर हमखास दिसतं. सत्तर वर्षं त्याच्या आदल्याच वचनात आहेत. ती कॅलेंडरवर नसतात. पत्र ऐकणारी बरीचशी मोठी माणसं परतीआधीच मरणार होती. गंभीर आजारी माणसाला हे वचन 'तू बरा होशीलच' म्हणून दिलं जातं, तेव्हा मला हनन्याच आठवतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या माणसालाही काही निर्णय घ्यायचे असतात.

यिर्मयाची पारख करायची रीत मला फार आवडते. हनन्याचं ऐकून तो आधी 'आमेन' म्हणतो, म्हणजे हे खरं ठरलं तर मलाही हवंच आहे. मग निकष सांगतो: शांतीचं भाकीत खरं होतं का ते पाहा. जू मोडल्यावर तर तो वाद न घालता निघून जातो, उत्तर नंतर घेऊन येतो. (व्हायवात ही सोय नसते.)

सराव करायचा असेल तर मत्तय 4 काढा. सैतान तिथे स्तोत्र 91 चा आधार देतो. मूळ स्तोत्र शेजारी ठेवा आणि त्याने कोणते शब्द गाळलेत ते शोधा.