सहकलाकाराचं काम : रीमा लागूंची गोष्ट



धारा काढून झाल्या, भाकऱ्या थापून झाल्या की आपल्या धरणकाठच्या घराघरांत मालिका लागतात. नायिकेचं नाव आपल्याला पाठ असतं. पण तिची सासू, आई, आजी कोण झालीय, हे वाचायला आपण थांबत नाही. अशा कलाकाराला सहकलाकार म्हणतात. तिचं काम नेमकं काय असतं, ते आज रीमा लागू यांच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

रीमाताईंचा जन्म १९५८ चा. माहेरचं नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे याही अभिनेत्री. शाळा पुण्याची हुजूरपागा. पुढे मुंबईत त्यांनी युनियन बँकेत सुमारे दहा वर्षं नोकरी केली आणि ती सांभाळून नाटक, सिनेमा, मालिका केल्या. कलेतलं उत्पन्न आपल्या जिरायती शेतीसारखंच, भरवशाचं नसतं. आजही मालिकेत बहुतेकांना दिवसाच्या हिशोबानं मानधन ठरतं आणि ते हातात पडायला तीन-तीन महिने लागतात. अशा वेळी स्वतःच्या पगाराचा आधार केवढा मोठा, हे गटात बचत करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

१९८५ साली दूरदर्शनवरच्या ‘खानदान’ मालिकेत त्या दिसल्या. १९९४ मध्ये ‘श्रीमान श्रीमती’तली हसवणारी कोकी आली. ‘तू तू मैं मैं’मध्ये त्या सासू झाल्या आणि सुप्रिया पिळगांवकर सून. सासू-सुनेचं भांडण, पण कुणी कुणाच्या जिवावर उठलेलं नाही. बघताना दोघींचंही पटायचं. २०१६ मध्ये ‘नामकरण’ मालिकेत त्यांनी कठोर, निष्ठुर आजी उभी केली. कोकी ती हीच, असं वाटू नये इतकी वेगळी.

हे कसं जमतं? नायिका बोलते तेव्हा कॅमेरा समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जातो. ते बोलणं लागलं की नाही, हे आपल्याला त्या चेहऱ्यावरून कळतं. शिवाय चित्रीकरण गोष्टीच्या क्रमानं होत नाही. सकाळी रडण्याचा प्रसंग, दुपारी त्याच्या आधीचा हसण्याचा. प्रत्येक वेळी राग कुठवर आला होता, आवाज किती चढला होता, हे लक्षात ठेवावं लागतं.

आता एक खुपणारी गोष्ट. १९८९ साली ‘मैंने प्यार किया’त त्या सलमान खानची आई झाल्या. त्या जेमतेम सात वर्षांनी मोठ्या होत्या! १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये मुलाची भूमिका करणारा संजय दत्त तर फक्त एका वर्षानं लहान. पुरुष पन्नाशीतही नायक राहतो, बाईला मात्र तिशीतच आई व्हावं लागतं. रीमाताईंनी त्या चौकटीतही दोन आया सारख्या होऊ दिल्या नाहीत. एक मुलावर माया करणारी, तर दुसरी गुन्हेगार झालेल्या मुलाला स्वतःच्या हातानं गोळी घालणारी. सहाय्यक अभिनेत्रीच्या फिल्मफेअर पुरस्कारासाठी त्यांना चार वेळा नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. तरी काम थांबलं नाही. १८ मे २०१७ ला त्या गेल्या, तेव्हा ‘नामकरण’मधलं त्यांचं काम चालूच होतं.

मैत्रिणींनो, आपल्या गटातही अध्यक्षांचं नाव फलकावर असतं. पण वही लिहिणारी, बँकेत हेलपाटे घालणारी, हप्ता थकलेल्या सखीच्या दारी जाऊन तिला समजावणारी कोण, ते विचारलं तरच कळतं. पुढच्या बैठकीत अशा एकीचं नाव घ्या आणि तिनं वर्षभरात काय केलं, ते इतिवृत्तात लिहा. मालिका बघतानाही नायिका बोलत असली की जरा शेजारचीच्या चेहऱ्याकडे बघा. ती तिथं काय करते, ते दिसेल.