कामाची उतरंड लावा

तायांनो, दिवाळी फराळाची ऑर्डर आली की आपण म्हणतो, ‘सगळ्या मिळून करू.’ मग लेबल कुणी छापायचं तेच राहतं. माल तयार, पण तारीख आणि एफएसएसएआय नंबर नाही म्हणून दुकानदार घेत नाही.

जिरा या सॉफ्टवेअरमध्ये कामाची उतरंड लावतात: वर एपिक, खाली टास्क, त्याखाली सबटास्क. आपल्याकडे फराळाची ऑर्डर हे एपिक. खरेदी, तळण, पॅकिंग ही टास्क. पॅकिंगखाली पिशव्या आणणं, वजन करणं, लेबल छापणं ही सबटास्क.

प्रत्येक सबटास्कला एकच नाव आणि तारीख द्या. दोघींचं काम कुणाचंच नसतं. खालचं सगळं झाल्याशिवाय वरचं ‘झालं’ लिहू नका.

मोबाईल नसेल तर वहीत लिहा. पुढच्या बैठकीत एक ऑर्डर अशी मांडून बघा.