आधी शोक, मग कविता : जालियनवाला बाग आणि फाळणीच्या दोन रचनांची कथा

नवी दिल्ली : देशावर मोठा आघात कोसळला की त्यानंतरच्या काही दिवसांत कविता लिहिल्या जातात. एरवी कधीही लेखणी न उचलणारी माणसेही त्या काळात चार ओळी लिहून पाहतात. अशा लेखनाने नेमके काय साधते, याचे उत्तर पंजाबी साहित्यातील दोन रचनांत स्पष्टपणे सापडते. पहिली रचना 1919 च्या जालियनवाला बाग हत्याकांडातून आली, दुसरी 1947 च्या फाळणीतून.

13 एप्रिल 1919 रोजी, वैशाखीच्या दिवशी, अमृतसरच्या जालियनवाला बागेत जमलेल्या नि:शस्त्र जमावावर ब्रिगेडियर जनरल डायरच्या सैनिकांनी सुमारे दहा मिनिटे गोळीबार केला. 1,650 गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी चौकशीने 379 मृत्यू मान्य केले. काँग्रेसच्या चौकशी समितीच्या मते हा आकडा हजाराच्या घरात होता. त्या जमावात विशी नुकतीच ओलांडलेला नानक सिंग हा तरुणही होता. चेंगराचेंगरीत तो बेशुद्ध पडला आणि मृतदेहांच्या राशीत निपचित राहिल्याने वाचला. त्याच्यासोबत आलेले दोन मित्र मात्र परतले नाहीत.

नानक सिंग यांनी या अनुभवावर ‘खूनी वैसाखी’ हे दीर्घकाव्य लिहिले आणि 1920 मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे पंजाबीतील अग्रगण्य कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती झाली. ‘पवित्र पापी’ या त्यांच्या कादंबरीवर हिंदी चित्रपटही निघाला. त्या दिवसाविषयी मात्र ते घरातही फारसे बोलत नसत, असे त्यांचे कुटुंबीय सांगतात. ज्याविषयी बोलणे अशक्य होते, ते त्यांनी छंदात बांधून लिहिले होते.

या काव्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याची सुरुवात गोळीबाराने होत नाही. रौलट कायद्याविरुद्धचा असंतोष, 9 एप्रिलच्या रामनवमीला हिंदू आणि मुसलमानांनी एकत्र काढलेली मिरवणूक, दुसऱ्या दिवशी डॉ. सत्यपाल व डॉ. सैफुद्दीन किचलू यांना झालेली अटक, शहरातील उद्रेक आणि मग वैशाखीची संध्याकाळ, असा क्रम त्यात येतो. आघातग्रस्त मनात स्मृतीचे तुकडे होतात. पुढचे मागे आणि मागचे पुढे होते. कवीने ते तुकडे कालक्रमाने जुळवले आणि यातना दहा मिनिटांच्या पलीकडे नेऊन तिला कारण दिले, कर्ता दिला. ‘हे घडले’ याऐवजी ‘हे केले गेले’ असे त्याला म्हणता आले. मराठी वाचकाला येथे पोवाड्याची आठवण व्हावी. घटना सांगता सांगता तिचा न्यायनिवाडा करण्याची रीत दोन्हीकडे आहे.

हा धोका ब्रिटिश सत्तेने अचूक ओळखला. काव्यावर बंदी आली, प्रती जप्त झाल्या आणि पुढे मूळ संहिताच दिसेनाशी झाली.

त्याच काळात रवींद्रनाथ टागोरांनी मात्र वेगळा मार्ग निवडला. मे 1919 च्या अखेरीस त्यांनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून ‘सर’ ही पदवी परत केली. देशातील सर्वांत मोठ्या कवीला त्या क्षणी गद्य पत्र अधिक योग्य वाटले, ही बाब कवितेच्या समर्थकांनी विसरू नये.

दुसरी रचना आकाराने लहान आहे. फाळणीत सव्वा कोटीच्या आसपास लोक विस्थापित झाले आणि मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत दिले जातात. लाहोर सोडून देहरादूनला आलेल्या 28 वर्षांच्या अमृता प्रीतम कामाच्या शोधात दिल्लीला गेल्या होत्या. तेथून परतताना रात्रीच्या रेल्वेप्रवासात त्यांनी ‘अज्ज आखां वारिस शाह नूं’ ही कविता लिहिली. येथे कथन नाही, कारणमीमांसाही नाही. आहे ती केवळ हाक. अठराव्या शतकात ‘हीर’ रचणाऱ्या वारिस शाहला त्यांनी कबरीतून उठण्याचे आवाहन केले. एका स्त्रीच्या दु:खावर महाकाव्य रचणाऱ्याने असंख्य लेकींच्या आक्रोशापुढे गप्प का राहावे, असा तिचा रोख आहे.

निवड मोठी विलक्षण होती. वारिस शाह मुसलमान, कवयित्री शीख घरातली आणि ‘हीर’ सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच पाठ. कवयित्रीवर टीकाही झाली. गुरू नानकांना का आळवले नाही, असा शीख समाजातील काहींचा आक्षेप होता. पण गुरूला किंवा नेत्याला हाक मारली असती तर कविता एका पक्षाची झाली असती. 1959 मध्ये ‘करतार सिंग’ या पाकिस्तानी पंजाबी चित्रपटात ती घेतली गेली, यावरून ती कुणापर्यंत पोहोचली हे कळते.

लेखनाने मन हलके होते का, याचा शास्त्रीय शोधही घेतला गेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज 15 मिनिटे आपल्या क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. लिहिल्यानंतर लगेच त्यांना अधिक वाईट वाटले; पुढील काही महिन्यांत मात्र त्यांचे दवाखान्यात जाणे तुलनेने कमी झाले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम टिकला, पण तो माफकच असल्याचे दिसले. शिवाय हे प्रयोग प्रामुख्याने खासगी गद्यलेखनाचे होते. कवितेत आणखी एक गोष्ट घडते : छंद आणि शब्दांची काटकसर लेखकाला प्रत्येक शब्दापाशी थांबायला लावते. दुर्घटनेनंतर तासाभरात मोबाइलवर फिरू लागणाऱ्या चारोळ्यांत हा थांबा क्वचितच असतो. त्यांना हसण्याचे कारण नाही, पण त्यांतील बऱ्याच आधीच ठाऊक असलेला शोक पुन्हा उच्चारतात.

‘खूनी वैसाखी’ची प्रत साठेक वर्षांनी पुन्हा हाती लागली. नानक सिंग यांचे नातू, राजनैतिक अधिकारी नवदीप सुरी यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि हत्याकांडाच्या शताब्दीला, 2019 मध्ये, तो मूळ संहितेसह प्रकाशित झाला. ज्यांच्या नावाने तो कायदा ओळखला जातो, त्या सिडनी रौलट यांचे पणतू, पत्रकार जस्टिन रौलट यांचाही लेख त्या पुस्तकात आहे.