स्नॉर्कल लावलं म्हणून नदी आपली होत नाही!

जीपला स्नॉर्कल लावलं की फोटो झक्कास येतो. पण त्याचा खरा फंडा समजून घ्यायचा, तर पावसाळ्यात हिंगोलीला या. कयाधूला पूर आला की कमी उंचीच्या पुलांवरून पाणी वाहतं, आणि लोकांना पलीकडे तर जायचंच असतं.

इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं की खेळ खल्लास. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्कल हवा घ्यायचं तोंड छतापर्यंत नेतं, बस्स. फोर्सच्या गुरखाला ते कंपनीतूनच येतं. 2020च्या थारला कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा आहे 650 मिलिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर.

माझ्या मते खरा हीरो मात्र ब्रीदर पाइप! तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. मग ऑइलचा होतो दुधाळ चहा. ब्रीदरची नळी उंच नेली की झालं. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून कुणी मिरवत नाही.

आणि हो, गॅरेजआधी आरटीओ गाठा. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2019मध्येच बजावलंय.

राहिलं वाहतं पाणी. दोन फुटांचा जोरदार प्रवाह एसयूव्हीसुद्धा वाहून नेतो; स्नॉर्कल काही टायरला पकड देत नाही. त्यात पाणी गढूळ, पुलाची कडाही दिसत नाही. अशा वेळी गाडी अलीकडेच लावा, टपरीवर चहा सांगा आणि पाणी उतरायची वाट बघा.