त्र्याण्णव घरे आणि एक विहीर

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने गणितावर लेख लिहावा याचे माझ्या वर्गमित्रांना हसू येईल, याची मला कल्पना आहे. दहावीनंतर त्या विषयाला मी दुरूनच नमस्कार केला होता. परंतु अर्थशास्त्राच्या आमच्या सरांनी लोकसंख्येचे प्रकरण शिकवताना एका डॉक्टरांच्या शोधनिबंधांची यादी वाचून दाखवली, आणि ती यादी काही केल्या मनातून जाईना.

हे डॉक्टर म्हणजे अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक (१८७६–१९४३). स्कॉटलंडचे हे गृहस्थ इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. १९०१ साली ते रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर हिवतापाच्या मोहिमेवर सिएरा लिओनला गेले. रोगाचेही गणित मांडता येते असे मानणाऱ्यांत रॉस अग्रणी; तो नाद मॅकेंड्रिक यांना तेथेच लागला असावा. पुढे ते कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. १९११ मध्ये त्यांनी एम. केशव पै यांच्यासमवेत जंतूंच्या वाढीच्या वेगावर निबंध लिहिला. १९२० मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ते मायदेशी परतले आणि एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

यादीतील १९२६ चा निबंध मला सर्वांत प्रिय आहे. त्यात हिंदुस्थानातील एका खेड्यातल्या पटकीच्या साथीचे आकडे आहेत. एकूण घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. म्हणजे रुग्ण ८६. आता रोग साऱ्या गावावर फासे पडावेत तसा सरसकट पडला असता, तर एकच रुग्ण असलेली घरे सुमारे ५८ निघावयास हवी होती. निघाली ३२. मग चूक कोठे? चूक २२३ या आकड्यात! रोगाची झळ मुळात साऱ्या घरांना पोचतच नव्हती. मग किती घरांना पोचत होती? ही रीत मी स्वतः कागदावर करून पाहिली. प्रत्येक घरातील रुग्णसंख्येचा वर्ग करून बेरीज घेतली, ती १६६ आली. तीतून ८६ वजा केले, उरले ८०. ८६ च्या वर्गाला, म्हणजे ७,३९६ ला, ८० ने भागले की ९२.४५ येतात. मॅकेंड्रिक यांनी ९३ घरे धरली आणि सुचविले की, ही घरे एकाच दूषित विहिरीचे पाणी पीत असावीत. गावात जाऊन चौकशी केली तेव्हा तशी विहीर खरोखरच निघाली.

त्याच प्रयोगशाळेत विल्यम कर्मॅक हे तरुण रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोग करताना स्फोट होऊन त्यांची दृष्टी कायमची गेली. दुसऱ्यांकडून वाचून घेऊन त्यांनी काम चालू ठेवले. या दोघांचा साथींच्या गणितावरील निबंध १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढचे भाग १९३२, १९३३, १९३७ आणि १९३९ मध्ये. त्यांतील मुख्य कल्पना समजावयास वसतिगृहातील बातमी आठवावी. आरंभी सांगणाऱ्याला भेटेल तो नवा श्रोता. बातमी झपाट्याने पसरते. पुढे भेटेल तो "ठाऊक आहे रे" म्हणतो, आणि काहींच्या कानी न पडताच बातमी विरून जाते. साथही अशीच, सर्वांना गाठण्याआधीच ओसरू शकते.

पडताळ्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील प्लेगचे साप्ताहिक मृत्यू. सूत्रातून निघालेली रेषा त्या ठिपक्यांवर सुरेख बसते. सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यास, आठवड्याला ८९० मृत्यू हे तिचे शिखर. हा आलेख पुढे पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. पण मुंबईचा प्लेग माणसाकडून माणसाला नव्हे, उंदरांवरील पिसवांमुळे होत असे. लेखकांना हे ठाऊक होते, आणि आपण मोठी गृहीते धरली आहेत असे त्यांनी स्वतःच लिहिले होते. शिवाय तेथे प्लेग वर्षानुवर्षे ठराविक ऋतूत चढे आणि उतरे. त्या सूत्रात ऋतूला जागाच नाही. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञांनी २०१२ मध्ये यावर बोट ठेवले. माझ्या मते खेड्यातले गणित मुंबईच्या गणितापेक्षा सरस ठरते ते याचसाठी. तेथे उत्तर आल्यावर कोणीतरी उठून विहिरीवर गेले.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे आजोबा कोरोनाने गेले. दुसऱ्या दिवशी वडील वर्तमानपत्रातील जिल्ह्याचा आकडा पुन्हापुन्हा पाहत होते. "यात अण्णा धरले असतील का रे?" त्यांनी मला विचारले. आलेख नववीपासून शिकलेल्या मला त्याचे उत्तर देता आले नाही. मुंबईचा तो आलेख पाहताना मी सतराव्या ठिपक्यापाशी थांबतो, आणि त्यात कोणकोण धरले गेले व कोण राहून गेले असेल, असे मनात येते.

१९२६ च्या निबंधाची प्रत सरांनी मला दिली आहे. कोणाला वाचावयाची असल्यास मजकडे मागावी. समीकरणांची पाने ओलांडून वाचली तरी चालते. मीही आधी तसेच केले.